सेंद्रिय शेतीकडे वळताना जमिनीतील जिवाणूंच्या बाबतीत या चुका टाळा

रासायनिक खते बंद केली की जमिनीतील जिवाणू आपोआप वाढतील, हा समज पहिल्याच हंगामात अडचणीत आणतो. जिवाणूंना सेंद्रिय कर्ब, ओलावा, हवा आणि जिवंत मुळे लागतात, आणि नुसती खते थांबवल्याने यांपैकी काहीच त्यांना मिळत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पेरणीच्या तोंडावर गव्हाचे काड किंवा काडीकचऱ्याचे अर्धकच्चे खत जमिनीत गाडणे. गव्हाच्या काडात एक भाग नत्रामागे साधारण ८० भाग कर्ब असतो. जिवाणूंच्या शरीरात मात्र हे प्रमाण त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके असते. त्यामुळे काड कुजवणारे जिवाणू मातीतले उपलब्ध नत्र स्वतःसाठी उचलतात आणि कोवळ्या पिकाची खालची पाने आधी पिवळी पडतात. रोग समजून फवारणी करण्यापूर्वी मुळांजवळची माती उकरून पाहावी. गाडलेले काड अजून ताठ आणि अखंड असेल, तर नत्र अडकल्याची शक्यता दाट असते. हे नत्र वाया जात नाही, जिवाणू मरतात तसे ते पुन्हा मोकळे होते; पण तोवर पिकाचा वाढीचा काळ निघून गेलेला असतो. म्हणून खत पूर्ण कुजलेलेच द्यावे, काड आच्छादन म्हणून वरच पसरावे आणि ताग किंवा धैंचा यांसारखे हिरवळीच्या खताचे पीक कोवळे असताना, फुलोऱ्याच्या सुमारास गाडावे.

तणनाशक बंद झाले म्हणून वारंवार रोटाव्हेटर फिरवणेही घातक ठरते, कारण मुळांपर्यंत स्फुरद पोहोचवणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे धागे त्यात तुटतात. मोहरी, कोबी यांसारख्या पिकांच्या मुळांवर ही बुरशी सहसा वाढत नाही, त्यामुळे अशी पिके पाठोपाठ घेऊ नयेत.

जिवाणू खतांवर भरपूर खर्च करून ती कोरड्या, उघड्या जमिनीत टाकण्यात काहीच अर्थ नाही. आधी वाफसा (जमिनीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची स्थिती) आणि आच्छादन हवे. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक, सेंद्रिय शेतीत चालते, म्हणून ते बिनधास्त वापरणेही चुकीचे आहे. त्यातील तांबे विघटित होत नाही, मातीत साठत जाते आणि प्रमाण वाढले की जिवाणूंनाच मारक ठरते.

एका वर्षात माती परीक्षणातला सेंद्रिय कर्ब वाढला नाही म्हणून पद्धत सोडू नये. जिवाणूंची संख्या आणि हालचाल त्याआधी बदलते, तर एकूण कर्बातला फरक दिसायला कित्येक वर्षे जातात.