ग्रॅम रंजन शिकवताना एकाच काचपट्टीवर तीन लेप
प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना ग्रॅम रंजन (जिवाणूंना जांभळा रंग देऊन, अल्कोहोलने धुऊन, मग गुलाबी रंग देऊन त्यांचे दोन गट ओळखण्याची पद्धत) शिकवताना अज्ञात जिवाणूचा लेप काचपट्टीच्या मध्यभागी आणि त्याच्या दोन बाजूंना स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस (ग्रॅम-धन, म्हणजे जांभळा राहणारा) व ई. कोलाय (ग्रॅम-ऋण, म्हणजे गुलाबी दिसणारा) या ज्ञात जिवाणूंचे पातळ लेप द्यायला लावावेत; म्हणजे अल्कोहोल जास्त वेळ राहिले तर स्टॅफिलोकॉकसही गुलाबी दिसतो, कमी पडले तर ई. कोलाय जांभळाच राहतो आणि चूक कोणत्या पायरीवर झाली हे विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच ओळखता येते. काचपट्टी तिरपी धरून, खाली ओघळणारा थेंब रंगहीन होताच अल्कोहोल थांबवून लगेच पाण्याने धुवावे. पातळ लेपाला बहुधा १० ते २० सेकंद पुरतात. संवर्धन (वाढवलेले जिवाणू) मात्र १८ ते २४ तासांचेच घ्यावे (याकडे फार दुर्लक्ष होते), कारण जुन्या ग्रॅम-धन पेशी जांभळा रंग नीट धरून ठेवत नाहीत.