समुपदेशन केंद्रात अभिप्राय कसा घ्यावा आणि वापरावा

अभिप्राय प्रकरण बंद करताना नव्हे, तर प्रत्येक भेटीत घ्यावा, कारण नाराज झालेली व्यक्ती बहुधा तक्रार न करता पुढच्या तारखेला येणेच सोडून देते. स्कॉट मिलर आणि बॅरी डंकन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या पद्धतीत भेटीच्या शेवटच्या काही मिनिटांत १० सेंटिमीटरच्या चार रेषांवर खूण करून घेतात: आपले म्हणणे ऐकले गेले का, हव्या त्या विषयावर बोलणे झाले का, समुपदेशकाची पद्धत रुचली का आणि एकूण भेट कशी वाटली. प्रत्येक रेषेला १० पैकी गुण धरून बेरीज ४० पैकी ३६ पेक्षा कमी आली, तर त्याच बैठकीत कारण विचारावे.

आपल्याकडे खरी अडचण पूर्ण गुणांची असते. ‘सगळं छान झालं, ताई’ हे उत्तर पुष्कळदा निव्वळ भिडेपोटी आलेले असते. म्हणून ‘आज काय बोलायचं राहून गेलं?’ असे नेमके विचारावे. पोटगीविषयी विचारायला आलेल्या स्त्रीशी तासभर समेटाचेच बोलणे झाले असेल, तर दुसऱ्या रेषेवरची खूण ते दाखवते. मग तिच्या फाइलमध्ये तशी नोंद करून पुढच्या भेटीची सुरुवात पोटगीपासूनच करावी. वाचता न येणाऱ्यांना प्रश्न दुसऱ्या कार्यकर्तीने वाचून दाखवावेत आणि त्या वेळी सासरचे कोणीही खोलीत नसावे.

मासिक बैठकीत नावे वगळून या नोंदी एकत्र पाहाव्यात. मात्र हे गुण कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनाला जोडू नयेत, अन्यथा सगळेच कागद ४० गुणांचे येऊ लागतील.