फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे: वकील न लावता पुढे जाताना या चुका टाळा

आपल्याकडे बोलीत फारकत म्हणजेच काडीमोड. त्यामुळे कोर्टाने ‘न्यायिक फारकत’ दिली की नातेवाईक म्हणतात, सुटलीस बाई एकदाची. सुटलेली नसतेच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खालचा हुकूमनामा (डिक्री) एवढंच सांगतो की आता एकत्र राहण्याचं बंधन नाही. लग्न शाबूत असतं. वर्ष उलटलं म्हणून ते आपोआप मोडत नाही. त्याच कायद्याच्या कलम १३(१-ए) खाली घटस्फोटाचा वेगळा अर्ज करावा लागतो. तो न करता दुसरं लग्न लावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ आहे आणि त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे.

हा दुसरा टप्पा मी नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात वकिलाशिवाय पार केला. चुका मात्र भरपूर केल्या.

पहिली चूक तारखेची. मी घर सोडलं गणपतीत, म्हणून वर्ष तिथून मोजलं. सिडकोतून दोन रिक्षा बदलून कोर्टात पोहोचले. खिडकीवरच्या बाईंनी माझी फाईल उघडली, हुकूमनाम्याच्या तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “ताई, वर्ष इथून मोजायचं.” चार महिने बाकी होते. तुम्ही पाच वर्षं वेगळे राहत असाल, पण हाती न्यायिक फारकतीचा हुकूमनामा नसेल, तर या कलमापुरती ती पाच वर्षं शून्य. दोघं राजी असाल तर ‘तेरा बी’, म्हणजे परस्परसंमतीचा रस्ता आहे. तिथे हुकूमनामा लागत नाही, वर्षभर वेगळं राहिलेलं पुरतं. अर्जानंतरची सहा महिन्यांची वाट योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलेली ‘फारकत’ मात्र कोर्टाच्या हुकूमनाम्याची जागा घेत नाही, मग तिच्यावर पंचांच्या कितीही सह्या असोत.

दुसरी चूक लांबणीची. माझा पहिला मसुदा चौदा पानी होता: कोणी कधी टोमणा मारला, कोणाच्या बारशाला काय झालं, सगळं. इथे त्यातलं काहीच लागत नाही. लग्न कधी आणि कुठे झालं, हुकूमनामा कोणत्या तारखेचा, त्यानंतर वर्षभर सहजीवन पुन्हा सुरू झालं नाही, दोघांनी संगनमत करून अर्ज केलेला नाही, आणि या न्यायालयाची हद्द कशी लागते, एवढं लिहायचं आणि खाली सत्यापन करायचं, म्हणजे लिहिलेलं खरं आहे असं लिहून सही करायची. तीन पानांत बसतं. हद्दीचं म्हणाल तर लग्न जिथे झालं, दोघं शेवटचे जिथे एकत्र राहिले, किंवा समोरचा आज जिथे राहतो तिथे अर्ज चालतो. बायकोला ती स्वतः राहते तिथेही करता येतो. सिन्नर-निफाडकडे राहत असाल तर अर्ज नाशिकला चालेल की तालुक्याच्या कोर्टात, हे आधी कार्यालयात विचारून घ्या.

आता माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. त्या वर्षात सासूबाईंचं ऑपरेशन झालं. मुलगी आजीसाठी रडत होती, म्हणून मी ओझरला दोन रात्री त्या घरी राहिले. अर्जात हे लिहिलंच नाही. वाटलं, कशाला उगाच. समोरून लेखी म्हणणं आलं त्यात पहिलीच ओळ: ‘अर्जदार सदर कालावधीत जाबदाराच्या घरी नांदत होती.’ जाबदार म्हणजे माझा नवरा. दोन रात्रींचं झालं नांदणं! एका छपराखाली झोपणं आणि नवरा-बायको म्हणून पुन्हा संसार मांडणं यात फरक आहे आणि कोर्ट तो पाहतं. पण मी लपवलं असं दिसलं, ते निस्तरायला वेगळं प्रतिज्ञापत्र आणि दोन तारखा गेल्या. दिवाळीला गेलात, तेराव्याला राहिलात, जे असेल ते कारणासकट आधीच लिहा.

पुरुषांसाठी एक गोष्ट. या कलमाखाली अर्ज दोघांपैकी कोणीही करू शकतं, ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला तोसुद्धा. पण म्हणून पोटगी थकवून ठेवायची आणि वर्षाने घटस्फोट मागायचा, हा हिशेब जमत नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २३ म्हणतं, स्वतःच्या गैरवर्तनाचा फायदा घेता येणार नाही. पोटगी न देता दुसऱ्या बाईसोबत राहणाऱ्या एका नवऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये याच कारणाने घटस्फोट नाकारला. पोटगी बँकेतून भरा आणि पासबुकाची नोंद जपा.

कागदांचं थोडक्यात: हुकूमनाम्याची झेरॉक्स नको, प्रमाणित नक्कल हवी. हुकूमनामा, आधार आणि लग्नाचा दाखला यांत नाव वेगवेगळं असेल तर तसं अर्जातच नोंदवा. समोरच्याचा जुना पत्ता घालू नका, समन्स परत येतं आणि तारीख वाया जाते. पोटगीचा प्रश्न असेल तर मालमत्ता आणि दायित्वांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. महाराष्ट्रात घटस्फोटाच्या दाव्यात बायकांना कोर्ट फी माफ आहे, हे माहीत नसल्याने कित्येक जणी भरून मोकळ्या होतात.

“वकील नाही? मग उभं कोण राहणार?” असं कोणी विचारलं तर बिचकू नका. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ चं कलम १३ उलटंच सांगतं: इथे वकील हा हक्क नाही, तो कोर्टाच्या परवानगीने येतो. तरी मुलांचा ताबा, फ्लॅट किंवा मारहाणीचा विषय असेल तर एकट्याने हिंमत करू नका. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

निकाल लागल्यावर त्याच आठवड्यात नक्कल मागा. नक्कल हातात आली तरी लगेच लग्नाचा हॉल बुक करू नका. अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. ती संपल्याशिवाय, आणि अपील झालं असेल तर ते फेटाळलं गेल्याशिवाय, दुसरं लग्न करता येत नाही. माझ्या आईने दुसऱ्याच दिवशी स्थळाचा फोन घेतला होता. तिला कॅलेंडरवर ती तारीख लाल पेनाने गोल करून दिली.