केए (कर्नाटक) पासिंगची बाईक महाराष्ट्रात विकताय? आधी आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) काढा, मग चावी द्या

आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुन्या गाडीला गिऱ्हाईक येतं ते बऱ्याचदा पलीकडचंच, चंदगड, गडहिंग्लज, आजरा, कागल, त्यातले निम्मे पाहुणेच निघतात, त्यामुळं व्यवहार चहा होईपर्यंत मिटतो, शंभराच्या बाँडवर सही होते आणि गाडी शिनोळीच्या हद्दीपलीकडं महाराष्ट्रात जाते. आपल्याला ते शेजारचं गाव वाटतं, पण आरटीओच्या हिशेबात गाडी दुसऱ्या राज्यात गेलेली असते.

आमच्या वडिलांची केए-२२ ची, म्हणजे बेळगाव पासिंगची स्प्लेंडर अशीच गेली. घेणारा ओळखीतला, "नावावर करून घेतो की काका" म्हणाला आणि सहा महिन्यात त्यानं ती तिसऱ्यालाच विकली. दोन वर्षांनी अपघाताची नोटीस आली ती वडिलांच्या नावानं, इन्शुरन्स कधीच संपलेला. तो कागद हातात धरून वडील दारातल्या पायरीवर बसून राहिले होते, चप्पल पण काढली नव्हती, ते मला अजून दिसतंय. वकिलांनी तेव्हा समजावलं की सुप्रीम कोर्टानं २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय, गाडी कितीही हातातनं फिरू दे, आरसीवर म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाई त्याच्याच गळ्यात. बाँड पेपरनं नाव बदलत नाही. म्हणून हे सगळं लिहितोय, लांबलं तरी वाचा.

गिऱ्हाईक बघायच्या आधी मोबाईलवर सरकारचं एमपरिवहन ॲप उघडून आपल्या गाडीचा नंबर टाका. तीन गोष्टी बघायच्या: कर्जाचा बोजा म्हणजे एचपी अजून दिसतोय का, चलन थकलंय का, आणि इन्शुरन्स-पीयूसी चालू आहे का. कर्ज फिटून पाच वर्षं झाली तरी एचपी तशीच राहिलेली असते, कारण बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत कुणी दिलेलाच नसतो, ते आधी करा. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडला असेल तर तोही बदलून घ्या, ओटीपी त्यावरच येतो.

मग गिऱ्हाईक पक्कं झालं की थोडा इसार घ्या, गाडी मात्र घरातच ठेवा, आणि त्याचा आधारवरचा पत्ता बघा. एनओसीवर पुढच्या आरटीओचं नाव असतं, चंदगड-कागलचा माणूस असेल तर कोल्हापूर म्हणजे एमएच-०९, आणि अथणी-कागवाडकडनं मिरजेला विकताय तर सांगली, एमएच-१०. इथं चुकलं तर सगळा हेलपाटा परत.

एनओसीचा अर्ज म्हणजे फॉर्म २८, सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर भरायचा आणि ज्या आरटीओचं पासिंग तिथंच कागद द्यायचे, केए-२३ असेल तर चिकोडीला. फॉर्मवर चॅसी नंबरची पेन्सिलची छाप लागते. एजंट याचेही पैसे घेतात, पण घरी जमतं: स्प्लेंडरसारख्या गाडीत हँडलखालच्या पाईपवर नंबर कोरलेला असतो, रॉकेलच्या फडक्यानं तिथलं ग्रीस-माती नीट पुसा, वाळू द्या, पातळ कागद घट्ट धरून मऊ पेन्सिल आडवी घासा, सगळी १७ अक्षरं-आकडे उमटले पाहिजेत. दोन-तीन छापा जादा काढून ठेवा. सोबत आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्सची पावती, ओळखपत्र. गाडी चोरीची नाही हा पोलिसांकडचा रिपोर्ट पण बघितला जातो. अर्ज दिल्याची पावती जपून ठेवा, कायद्यात एनओसी द्यायला किंवा नाकारायला ३० दिवसांची मुदत आहे, त्यामुळं "नंतर या" म्हणाले तर तारीख आपल्या हातात असते.

भाव ठरवताना टॅक्सचं बोलून घ्या. महाराष्ट्रात नवीन नंबर घेताना तिथला टॅक्स परत भरावा लागतो, म्हणून तिकडचं गिऱ्हाईक केए गाडीचा भाव पाडूनच मागतंय आणि त्यात त्याचं चूक नाही. आपण कर्नाटकात भरलेल्या लाइफटाइम टॅक्सपैकी उरलेल्या वर्षांचा रिफंड मागता येतो, पण तिकडं नवीन नंबर पडल्यावर, त्याचे कागद लावून. तो रिफंड कुणाचा हे आधीच लिहून ठेवा, नाहीतर पाव्हण्यात कटकट होते.

एनओसी हातात आली की नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. कोऱ्या फॉर्मवर सही कुणी कितीही गोड बोललं तरी करू नका, घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरलेली असेल तरच. पैसे खात्यावर घ्या. गाडी दिल्याच्या कागदावर तारखेसोबत वेळ पण घाला, सकाळी ११ वाजून २० मिनिटं असं, कारण त्याच दिवशी दुपारी काही घडलं तर गाडी कुणाकडं होती हे त्यावरनं दाखवता येतं. सगळ्याची झेरॉक्स घ्या, चावी देताना त्याचा गाडीसोबत फोटो काढा.

कायद्यानं आपण ४५ दिवसांच्या आत एनओसी तिकडच्या आरटीओकडं पोचवायची असते आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत ट्रान्सफरचा अर्ज करायचा असतो, नवीन नंबरासाठी त्याला फॉर्म २७ भरावा लागतो. इन्शुरन्स त्याच्या नावावर करायला १४ दिवस. मी तर आता थोडी रक्कम मागं ठेवूनच व्यवहार करतो, नवीन आरसीचा फोटो आला की त्याचा हिशेब पुरा.

डीलरला विकत असाल तर एप्रिल २०२३ पासून वेगळा नियम आहे, त्याच्याकडं आरटीओचं अधिकृत सर्टिफिकेट, फॉर्म २९बी, आहे का विचारा आणि गाडी देताना फॉर्म २९सी भरून घ्या, मग त्याच्या ताब्यातल्या गाडीची जबाबदारी त्याची. सर्टिफिकेट नसेल तर दुसरा डीलर बघा.

दोन महिन्यांनी परत एमपरिवहनवर जुना नंबर टाकून बघा. एनओसी दिल्याचं दिसतंय पण तिकडं नवीन नंबर पडला नसेल तर फोनवर विचारत बसू नका, एक दिवस सुट्टी टाका, गिऱ्हाईकाला गाडीसकट कोल्हापूरच्या आरटीओत बोलवा आणि स्वतः सोबत उभे राहा.