रिसर्च पेपर एपीए स्टाइलमध्ये द्यायचाय? मग या चुका टाळा

सबमिशन जवळ आलं की ग्रुपवर मेसेज पडतो, "कुणाकडे एपीएचा रेडी फॉरमॅट आहे का रे", आणि कुणीतरी सीनियरची जुनी वर्ड फाइल टाकतो, मग सगळे त्यातच आपापला मजकूर पेस्ट करत बसतात. पहिली गडबड इथेच होते. एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पेपर आणि संदर्भ लिहायची पद्धत, तिची सहावी आवृत्ती २००९ ची आणि सातवी आली ऑक्टोबर २०१९ मध्ये, दोन्हींत बराच फरक आहे. जुन्या फाइलच्या वरच्या पट्टीत 'रनिंग हेड' म्हणजे प्रत्येक पानावर छोटं शीर्षक असतं, ते सातव्या आवृत्तीत विद्यार्थ्यांच्या पेपरला लागत नाही, फक्त उजव्या कोपऱ्यात पान नंबर, तोही टायटल पेजपासूनच. पुस्तकाच्या संदर्भात प्रकाशकाआधी शहर लिहायची पद्धतही गेली, त्यामुळे "पुणे: अमुक प्रकाशन" असं दिसलं की गाइडला लगेच कळतं फाइल कुठून आली. लेखक तीन किंवा जास्त असतील तर आता पहिल्याच उल्लेखापासून पहिलं आडनाव आणि पुढे 'एट अल' (म्हणजे 'आणि इतर'). वर्डमधल्या रेफरन्सेस टॅबवर डोळे झाकून विसंबू नका, बऱ्याच व्हर्जनमध्ये तिथे अजून सहावीच आवृत्ती आहे.

आणि हो, त्याआधी गाइडला विचारा की नक्की कुठली स्टाइल हवी. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, सोशल वर्कला सहसा एपीए, भाषा-साहित्याला एमएलए, इंजिनिअरिंगला आयईईई चालते, पण तुमच्या डिपार्टमेंटचं परिपत्रक जे म्हणेल तेच शेवटचं.

आता वर्ड. माझं ठाम मत आहे की फॉरमॅट बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण एंटर आणि स्पेसबार हेच आहे. रेफरन्सेस नवीन पानावर हवेत म्हणून लोक एंटर दाबत दाबत खाली जातात, मग गाइड एक परिच्छेद वाढवायला सांगतात आणि ते हेडिंग पानाच्या मधोमध येऊन बसतं. तिथे कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबायचं, पेज ब्रेक येतो, विषय संपला. तसंच संदर्भयादीत पहिली ओळ मार्जिनला आणि खालच्या ओळी अर्धा इंच आत असाव्या लागतात, त्यासाठी प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारून पुढच्या ओळीला स्पेस देऊन जुळवलेलं असतं, स्वतःच्या लॅपटॉपवर छान दिसतं आणि दुसरीकडे फॉन्ट बदलला की सगळं विस्कटतं. पूर्ण यादी सिलेक्ट करा आणि कंट्रोल टी दाबा, बस. फाइलमध्ये नक्की काय घोळ आहे ते कळत नसेल तर होम टॅबवर परिच्छेदाच्या खुणेचं बटण असतं ते चालू करा, प्रत्येक स्पेसचा ठिपका आणि प्रत्येक एंटरची खूण दिसायला लागते, मग नको ते पुसून टाका.

डबल स्पेसिंग दिलं तरी दोन परिच्छेदांमध्ये जास्त गॅप दिसतोय अशी तक्रार खूप जण करतात. वर्ड आपणहून प्रत्येक परिच्छेदानंतर ८ पॉइंट जागा सोडतं, त्यामुळे ते होतं. पॅराग्राफच्या खिडकीत जाऊन बिफोर आणि आफ्टर दोन्ही शून्य करा. मार्जिन चारी बाजूंनी एक इंच.

मराठीत पेपर लिहिणाऱ्यांना वेगळाच त्रास असतो आणि त्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. वर्ड देवनागरीला वेगळ्या लिपीच्या खात्यात धरतं, त्यामुळे मराठी आणि इंग्रजी मिसळलेला मजकूर सिलेक्ट करून साइझ १२ केली तरी कधीकधी एकाच लिपीची बदलते, दुसरी तशीच राहते, आणि तुम्ही विचार करत बसता की ही ओळ लहान का दिसतेय. कंट्रोल डी दाबून फॉन्टची खिडकी उघडा, तिथे लॅटिन (इंग्रजीसाठी) आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट (देवनागरीसाठी) असे दोन भाग असतात, दोन्हीकडे फॉन्ट आणि साइझ भरा. दुसरं म्हणजे डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेत असाल तर आधीच सांगा की युनिकोडमध्येच हवंय, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, आणि प्लेजिअरिझम म्हणजे मजकुराची उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ते मराठी म्हणून वाचता येत नाही.

संदर्भांकडे वळूया, कारण मार्क खरे इथे जातात. संदर्भ कशासाठी देतो आपण, तर वाचणाऱ्याला तुमच्या वाक्यावरून त्या मूळ पुस्तकापर्यंत जाता यावं म्हणून. त्यामुळे मजकुरात ज्याचं नाव आलंय तो यादीत हवाच आणि यादीत आहे तो मजकुरात हवाच, वाचलेली सगळी पुस्तकं वजन वाढवायला यादीत टाकायची नाहीत. तपासायला सोपं आहे, कंट्रोल एफ करून नुसता सुरुवातीचा कंस शोधा आणि प्रत्येक उल्लेख यादीशी टिकमार्क करत जुळवा, कंसाबाहेर घेतलेली नावं मात्र वाचतानाच धरावी लागतात. कंटाळवाणं आहे पण इथे शॉर्टकट नाही.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे एकाच पेपरात दोन कुलकर्णी आणि तीन पाटील. नुसतं (पाटील, २०१८) लिहिलं तर कोण समजायचं? वेगवेगळे पाटील असतील तर मजकुरात प्रत्येक ठिकाणी आद्याक्षरं द्या, म्हणजे (स. रा. पाटील, २०१८) असं. एकाच लेखकाची एकाच वर्षातली दोन वेगळी पुस्तकं किंवा लेख आले तर वर्षाला अ, ब जोडा. डॉ., प्रा., पद्मश्री वगैरे संदर्भयादीत येत नाही, आदर म्हणून सुद्धा नाही.

जुन्या पुस्तकांचंही तसंच. महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३ चं, तुमच्या हातातली प्रत समजा २०१२ ची आहे, तर (फुले, २०१२) वाचून वाटेल की हे आत्ताच लिहिलंय. (फुले, १८७३/२०१२) लिहा आणि यादीत मूळ प्रकाशनाचं वर्ष शेवटी नोंदवा. पेपर इंग्रजीत असेल आणि पुस्तक मराठी असेल तर नावाचं फक्त भाषांतर करून टाकू नका, लायब्ररीत त्या नावाचं पुस्तक कुणाला सापडणार? मूळ नाव रोमन अक्षरांत आणि त्यापुढे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ, अशी पद्धत आहे.

दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलेलं मूळ लेखकाच्या नावावर खपवायचं हे तर सर्रास चालतं. तुम्ही जोशींच्या पुस्तकात एखाद्याचं मत वाचलंय तर मजकुरात दोघांची नावं येतील, पण यादीत फक्त जोशी, कारण तुम्ही वाचलंय तेच.

गूगल स्कॉलरवरून तयार संदर्भ उचलत असाल तर तो कच्चा माल समजा. त्यात डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक नसतो, कधी शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये येतं, कधी आपल्या लोकांचं मधलं नाव आडनाव होऊन बसतं. आणि एआयकडून संदर्भ मागू नका ही कळकळीची विनंती आहे, लेखक खरा, जर्नल खरं आणि तसा लेखच अस्तित्वात नाही असं होतं. प्रत्येक डीओआय 'डीओआय डॉट ओआरजी' वर टाकून बघा, उघडला आणि तोच लेख निघाला तरच ठेवा.

शब्दशः उचललेल्या वाक्यापुढे नाव-वर्ष टाकलं की झालं असंही नाही. अवतरणचिन्हं आणि पान नंबर लागतो, ४० किंवा जास्त शब्द असतील तर चिन्हं काढून तो पूर्ण तुकडा अर्धा इंच आत घ्यायचा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, नीट संदर्भ देऊन केलेली अवतरणं त्यातून वगळायची सोय पण आहे, पण चिन्हंच नसतील तर सॉफ्टवेअर ती ओळखणार कशी.

हे सगळं झालं की पीडीएफ करा आणि मोबाइलवर किंवा मित्राच्या कॉम्प्युटरवर उघडा. जोडाक्षरं फुटलीत का, टेबल दोन पानांत तुटलंय का, पान नंबर सलग आहेत का एवढं बघा, आणि वर्डची फाइल जपून ठेवा कारण गाइड करेक्शन सांगणारच.