बुक्यातल्या गुलाबाची काडी अशी जगवायची

मागच्या कार्तिकात आई शाळेतनं रिटायर झाली, घरात सात-आठ बुके आले. चार दिवसांनी पाकळ्या गळायला लागल्या तसं काकूनं सगळे कचऱ्याच्या गाडीसाठी दारात नेऊन ठेवले, मी म्हटलं थांबा की जरा. त्यातल्या अकरा काड्या लावल्या, तीन जगल्या. आज त्यातला एक लाल गुलाब बेळगावात टिळकवाडीच्या आमच्या गच्चीवर गुडघ्याच्या वर आलाय, आई रोज सकाळी आधी त्याच्याकडं जातीया.

पहिलं म्हणजे फूल बघू नका, डोळा बघा. पान दांडीला जिथं चिकटतंय तिथं बारीक फुगीर ठिपका असतोय, तोच डोळा, नवीन फुटवा तिथनंच येणार. तो काळा पडला असला तर ती काडी सोडून द्या. नखानं साल जरा खरवडा, आत ओलं हिरवं दिसलं पाहिजे. जरबेराच्या मागं लागू नका, त्याची दांडी नुसती फुलाची, तिला डोळाच नसतोय. निशिगंध, ग्लॅडिओलस कंदापासनं येतात. गुलाब, शेवंती, कार्नेशन एवढंच धरा.

बुके आला की फुलं कोमेजायची वाट बघत बसू नका, दोन-तीन दिवसांत काडी काढा. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर, तीन-चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा डोळ्याच्या थोडा वर सरळ, कात्री धारदार पाहिजे, दांडी चेंगरली की तिथनं कुजती. फूल आणि कळी काढायचीच, जीव होत नाही तरी काढायची. खालची पानं काढून वर दोनच ठेवा, तीपण अर्धी कापून. खताच्या दुकानात मुळं फुटायची पावडर मिळती, खालचं टोक त्यात बुडवून जादाची झटकून टाका.

बटाट्यात काडी खोचायचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, खरं मी दोनदा केलं आणि दोन्ही वेळा बटाटा कुजला, काडीपण गेली. त्यापेक्षा अर्धी वाळू अर्धा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या, खानापूरकडं भाताचं जळकं तूस मिळालं तर तेपण मिसळा. निपाणी-चिकोडीकडची काळी माती पाणी धरून ठेवतीया, नुसत्या त्या मातीत लावू नका. दोन डोळे मातीत, दोन वर, आणि बुडाला भोक असलेली कुंडी.

बूड कापलेली पाण्याची बाटली टोपण वर ठेवून काडीवर झाका, आतली ओल टिकती. टोपण रोज थोडा वेळ उघडा नाहीतर बुरशी धरती. जागा उजेडाची, खरं थेट ऊन नको. आपल्याकडं आषाढ-श्रावणाच्या झडीत ओल जास्त होती आणि लग्नसराईत ऊन सोसत नाही, म्हणून दसऱ्यापासनं माघापर्यंतचे दिवस मला बरे वाटतात.

आता सगळ्यात अवघड काम, हात लावायचा नाही. पंधरा-वीस दिवसांत तांबूस कोंब दिसतोय आणि आपण लगेच सगळ्यांना सांगत सुटतो, खरं तो कोंब काडीतल्या साठ्यावर आलेला असतोय, खाली मूळ असेलच असं नाही. आधी कापावर पांढरट गाठ येती, मग त्यातनं मुळं. या अकरा काड्यांच्या आधी, पहिल्या वर्षी, मी काड्या उपसून बघितल्या, कोवळी मुळं तुटली आणि सगळ्या गेल्या. सहा आठवडे जाऊ द्यात, मग हळूच ओढून बघा, काडीनं धरून ठेवलं तर मूळ आलंय.

शेवंतीचं सोपं आहे. हारातल्या फुलाला दांडी नसती, बुक्यातली घ्या, बाजूचा बोटभर कोवळा शेंडा काढून लावला की दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात.

मूळ धरलं की बाटली एकदम काढू नका, आठवडाभर रोज थोडी थोडी वेळ वाढवत काढा, मग शेणखत घातलेल्या मोठ्या कुंडीत हलवा. नर्सरीतला गुलाब बहुतेक दुसऱ्या गुलाबाच्या मुळावर डोळा बसवून केलेला असतोय, हा स्वतःच्या मुळावर, म्हणून सुरवातीला बारीक वाढतोय आणि फूलपण बुक्यातल्या एवढं येत नाही. पहिली कळी आली की खुडून टाका. आईनं ती खुडू दिली नाही, माघात एक छोटं फूल आलं, ते तिनं देवाला वाहिलं.