परसातल्या कोंबड्या आणि बदकं: अंड्याच्या तक्रारींत या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी वैशाखात आमची एक तलंग, म्हणजे नुकती अंड्यावर आलेली कोंबडी, सकाळी खुराड्यातून बाहेरच आली नाही. कोपऱ्यात उभी, पाय फाकलेले, शेपटी खाली पडलेली, मधूनमधून कुंथत होती. उन्हाचा त्रास असेल म्हणून मी तिला डालग्याखाली सावलीत झाकलं, पुढ्यात पाणी ठेवलं आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी ती गेली. आत पूर्ण तयार झालेलं अंडं अडकलं होतं. तिची ती उभं राहण्याची तऱ्हा मला ओळखता आली असती, तर ती कदाचित वाचली असती. हे अजून मनाला लागतं, म्हणून लिहिते आहे.

अंडं अडकलंय असं वाटलं की बहुतेक जण पोट दाबून ते बाहेर काढायला बघतात. असं कधीच करू नका. अंडं आत फुटलं तर कवचाच्या धारेने अंडनलिका कापते, आत पू होतो. त्यापेक्षा बादलीत मनगटाला सोसेल इतकं कोमट पाणी घ्या आणि कोंबडीला पोटापर्यंत त्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा. मग अंग नीट कोरडं करा, शेपटीखालच्या वाटेला खोबरेल तेल लावा आणि उबदार, अंधाऱ्या खोक्यात एकटीला ठेवा. तासा-दोन तासांनी पुन्हा शेक द्या. तरी अंडं आलं नाही, तर त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांकडे न्या. अंडं पुढे ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियम लागतं, त्यामुळे ते अनेकदा त्याचंच इंजेक्शन देतात. उद्यावर टाकू नका.

मागून लाल-गुलाबी मांस बाहेर आलं असेल, तर आधी तिला बाकीच्यांपासून वेगळी करा. लाल दिसलं की इतर कोंबड्या टोचतात आणि तासाभरात जीव जातो. तो भाग उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा. सूज असेल तर मध किंवा साखरेचं दाट पाणी लावल्याने ती उतरते. नंतर स्वच्छ, तेल लावलेल्या बोटाने हलकेच आत सारा. हळदीचा लेप थापू नका, तो भाग ओलसरच राहायला हवा. काही दिवस अंधारात ठेवली की अंडी थांबतात आणि तिला विसावा मिळतो. हा त्रास चरबी चढलेल्या कोंबड्यांना जास्त होतो. उरलेला भात आणि मका यांवरच पोसलेल्या कोंबड्यांवर चरबी चढते, हे आपल्या घरांत लक्षातच येत नाही.

मऊ किंवा बिनकवचाची अंडी आली की शिंपल्यांची पूड सरसकट सगळ्यांच्या खाण्यात मिसळली जाते. ही दुहेरी चूक आहे. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ते 3.5 ते 4 टक्के लागतं. पण वाढत्या पिल्लांना एक टक्का पुरतं, जास्त झालं तर त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. शिवाय कवच बनतं ते मुख्यतः रात्री. पूड तोवर पोटातून निघून गेलेली असते. जाडसर तुकडे मात्र रात्रभर हळूहळू विरघळत राहतात. म्हणून तिसऱ्यांची, म्हणजे कालवणात घालतो त्या शिंपल्यांची, कवचं भाजून भरडा आणि वेगळ्या करवंटीत ठेवा, जिला हवीत ती खाईल. एप्रिल-मेमध्ये मात्र शिंपल्यांनी भागत नाही. कोंबडी धापा टाकते तेव्हा कवच घडवायला लागणारा कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे निघून जातो. तिथे सावली, गार पाणी आणि पहाटे-संध्याकाळी खाणं, हाच उपाय.

खुडूक बसलेली, म्हणजे अंडी उबवायला बसून राहिलेली, कोंबडी आजारी नसते. तिच्या नाकात पीस खोचणं, तिला पाण्यात बुचकळणं हा निव्वळ छळ आहे. तळाला जाळी असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवली की ती मोकळी होते.

बदकांचं वेगळं असतं. ती पहाटे अंडी घालतात. सहालाच दार उघडलं की अंडी शेतात किंवा तळ्याकाठी पडतात आणि आपण म्हणतो, अंडी बंद झाली. आठ-नऊ वाजेपर्यंत बंद ठेवा. त्याहून मोठी चूक म्हणजे पावसाळ्यात बुरशी धरलेली शेंगदाण्याची पेंड किंवा मका बदकांना घालणं. बुरशीच्या विषाला, अफ्लाटॉक्सिनला, बदकं कोंबड्यांपेक्षा कितीतरी नाजूक असतात. त्यात यकृत जातं, अंडी थांबतात, बदकं मरतात. वास आला की पोतं फेकून द्या, उन्हात वाळवून विष जात नाही. आणि नर बदक एकटा कोंबड्यांत सोडू नका. कोंबड्याला नसतं ते लिंग नर बदकाला असतं आणि त्याने कोंबड्यांना आतून इजा होते.

सगळ्या कळपाची अंडी एकदम घटली, हिरवट हगवण लागली, माना वाकड्या झाल्या, तर ती कॅल्शियमची कमतरता नव्हे, ती मानमोडी, म्हणजेच राणीखेत. त्यावर औषध नाही, आधी दिलेली लसच कामाची. एकदम बरीच मेली तर कापून खाऊ नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. तो बर्ड फ्लूही असू शकतो; 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात तो आला होता.

डॉक्टरांकडे जाताना शेवटचं अंडं, विष्ठेचा नमुना आणि खाद्याची मूठ सोबत न्या. प्रतिजैविक दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत ते तिथेच विचारून घ्या. तेवढे दिवस घरात लहान मुलांनाही ती अंडी देऊ नका.